वादळ, पंचनामा आणि भरपाई : कोकण किनाऱ्यावरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या घरांवरची कौलं-पत्रे उडाले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं आणि जाताजाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपून गेलं. तेव्हापासून मे महिना आला की तेच ते प्रश्न पुन्हा कानावर येतात. त्यातले निम्मे वाऱ्याबद्दलचे नसतात, सातबाऱ्याबद्दलचे असतात. म्हणून खालची उत्तरंही तशीच आहेत: दोरी-कंदिलाबद्दल थोडं आणि कागदपत्रांबद्दल जास्त.

वादळ खरंच आपल्याकडे येतंय की नुसतीच बातमी आहे, हे कसं कळणार?

भारतीय हवामान खात्याचं पत्रक वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा लाल-जांभळा नकाशा पाहून काही ठरवू नका. तो बहुतेक वेळा कुठल्या तरी परदेशी संगणकीय अंदाजाचा असतो, आणि तसे अंदाज दर सहा तासांनी बदलतात. हवामान खातं टप्प्याटप्प्याने सांगतं. साधारण ७२ तास आधी वादळाची पूर्वकल्पना, ४८ तास आधी इशारा, २४ तास आधी धोक्याची सूचना, आणि किनाऱ्यावर चढण्याच्या १२ तास आधी, जमिनीवर आल्यावर ते कुठून कसं जाईल याचा अंदाज. रंग वाढत्या क्रमाने पिवळा, नारंगी, लाल.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. ‘कमी दाबाचं क्षेत्र’ हे दर पावसाळ्यात अनेकदा होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि मग त्याला नाव मिळतं. ८९ पासून पुढे तीव्र, ११८ पासून अतितीव्र. पत्रकात नाव आलं आणि रेषा आपल्या तालुक्याजवळून जात असेल, तर त्याच दिवशी कामाला लागा. वीज असेल तोवर मोबाईलवर ‘सचेत’ आणि विजांसाठी ‘दामिनी’ ही सरकारी ॲप चालतात. वीज गेल्यावर सेलवर चालणारा रेडिओच कामाचा, आणि हल्ली तोच कुणाच्या घरात सापडत नाही.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लावलाय. म्हणजे काय?

बंदराच्या परिसरात सोसाट्याचा वारा येण्याची शक्यता आहे, असा स्थानिक सावधगिरीचा इशारा. आकडा चढत गेला तर धोका वाढतोय. होडी बाहेर असेल तर वायरलेसवर कळवा आणि जवळच्या बंदरात आसरा घ्यायला सांगा. समुद्रात कोणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवा.

घराची तयारी नेमकी कशी करायची? यादी सगळे देतात, पण आधी काय?

आधी छप्पर. निसर्गमध्ये घरांचं जे नुकसान झालं ते मुख्यतः वरून झालं. पत्र्याच्या घरात वारा वळचणीखालून आत शिरतो आणि पत्रा खालून वर ढकलतो. म्हणून कडेच्या ओळीचे जे-हुक आणि नट-बोल्ट मे महिन्यातच तपासून आवळून घ्या, वायसर सडले असतील तर बदला. पत्र्यावर नुसते दगड किंवा टायर ठेवून काही साधत नाही. ते वाऱ्याने घरंगळतात आणि शेजाऱ्याच्या अंगणात पडतात. कौलारू घर असेल तर रीपा आणि वासे कुठे वाळवीने खाल्लेत ते बघा आणि कडेची कौलं तारेने बांधून घ्या. पडवीचं छप्पर मूळ घराशी घट्ट जोडलेलं नसेल तर पहिली जाते ती पडवीच.

मग झाडं. घरावर झुकलेल्या फांद्या पावसाआधी उतरवा, नारळावरच्या सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ काढून घ्या. वाऱ्यात सुटलेला नारळ काय करतो हे सांगायला नको. मोठ्या झाडाची बाब असेल तर ग्रामपंचायतीला आणि वन खात्याला विचारून तोडा. वीजवाहिनीला फांद्या लागत असतील तर स्वतः कोयता घेऊन चढू नका, महावितरणला कळवा.

वीज जाणार हे धरूनच चाला. निसर्गनंतर काही गावांत ती परत यायला कित्येक आठवडे लागले. वीज गेली की पंप गेला, म्हणजे पाणीही गेलं. टाकी, पिंपं, हंडे आदल्या दिवशी भरून ठेवा आणि विहिरीवर रहाट किंवा दोरी-बादली असू द्या. एटीएम बंद, मोबाईलचे टॉवर बंद, म्हणजे क्यूआर कोडही बंद. घरात थोडी रोकड हवीच. रक्तदाब-मधुमेहाची औषधं निदान पंधरा दिवसांची ठेवा. ताडपत्री आणि सुंभाची किंवा नायलॉनची दोरी आधीच घ्या, कारण वादळानंतर तालुक्याच्या बाजारात दोन्ही दिसत नाहीत.

आणि आता ती गोष्ट, जी यादीत शेवटी येते आणि खरं तर पहिली यायला हवी: कागद. सातबारा आणि आठ-अ, घरपट्टीचा उतारा आणि शेवटची पावती, आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, रेशनकार्ड, होडीचं नोंदणीपत्र, विम्याचे कागद. मूळ प्रती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, फोटो काढून मुंबई-पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. शिवाय घराचे, गोठ्याचे, वाडीचे चांगल्या स्थितीतले फोटो काढून ठेवा. पडलेल्या घराचा फोटो प्रत्येकाकडे असतो. पडण्याआधी ते कसं होतं याचा फोटो क्वचितच कुणाकडे असतो, आणि साहेबांपुढे वाद होतो तो त्यावरूनच.

घर सोडून निवाऱ्यात जायला सांगितलं तर जावंच लागतं का? गुरांचं काय?

जावं. कच्चं घर, खाडीलगतचं घर, डोंगरउतारावरचं घर असेल तर सांगायची वाटही बघू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्ह्यातलं आपत्तीचं व्यवस्थापन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडे असतं आणि स्थलांतराचा आदेश ते देऊ शकतात. निवारा म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची शाळा, समाजमंदिर किंवा किनारपट्टीवर बांधलेलं चक्रीवादळ निवारा केंद्र. आपल्या गावासाठी कुठली जागा ठरली आहे हे सरपंच, पोलीस पाटील यांना मे महिन्यातच विचारून ठेवा, आणि त्या जागेचं छप्परही एकदा बघून या. निसर्गमध्ये शाळांचेही पत्रे उडाले होते.

गुरं दावणीला बांधून जाऊ नका. गोठा पडला तर बांधलेलं जनावर वाचत नाही. दावं सोडा, शक्य असेल तर उघड्या पण उंच जागी हाकलून द्या.

वारा एकदम थांबला. आता बाहेर जाऊन बघायला हरकत नाही ना?

हरकत आहे. वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा पडतो, कधी ऊनही पडतं, आणि थोड्या वेळाने तो उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. एका बाजूने खिळखिळं झालेलं छप्पर दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यात जातं. वादळ पुढे सरकलं असं प्रशासनाने सांगेपर्यंत आतच थांबा.

वादळ गेल्यावर पहिला फोन कुणाला?

माणूस जखमी असेल तर १०८. कुणी अडकलं असेल, आग असेल, जिवाला धोका असेल तर ११२. रस्ता बंद, घर पडलं, दरड आली, गाव तुटलं, यासाठी जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष: १०७७. राज्याचा कक्ष १०७० वर. वीज : महावितरणचे १९१२, १८००-२३३-३४३५ आणि १८००-२१२-३४३५. मुंबई महापालिकेच्या हद्दीत १९१६.

हे सगळे क्रमांक टॉवर चालू असतील तरच कामाचे. टॉवर बंद असतील तर माणूस पाठवावा लागतो. तेव्हा वाडीतल्या एका मोटरसायकलवाल्याला आधीच सांगून ठेवा, टाकीत पेट्रोल असू द्या. तोंडी निरोप देऊ नका, चिठ्ठी द्या: गाव, वाडी, किती घरं पडली, माणसं जखमी आहेत का, कुठला रस्ता कुठे बंद आहे. ‘आमच्याकडे लय वाईट अवस्था आहे’ या निरोपावर तहसीलदार कुठली गाडी कुठे पाठवणार? ‘अमुक वाडीतली चौदा घरं, खाडीकडचा रस्ता दोन ठिकाणी झाडांनी बंद, एक गरोदर बाई’ असं लिहिलं की काम होतं.

रस्ता कुणाचा हेही एकदा माहीत करून घ्या. गावातला ग्रामपंचायतीचा, गावाला जोडणारा बहुधा जिल्हा परिषदेचा, मोठा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. चुकीच्या कार्यालयात केलेली तक्रार फिरत राहते.

तारा तुटून अंगणात पडल्यात. वीज तर गेलेलीच आहे, बाजूला करू का?

नाही. वीज कधी परत येईल सांगता येत नाही, आणि शेजारच्या कुणी जनरेटर लावला असेल तर उलटा प्रवाहही येतो. तारेला काठी, दोरी, हात काहीच लावू नका. पोरांना आणि गुरांना लांब ठेवा, एक माणूस राखणीला बसवा, महावितरणला खांबाचा क्रमांक दिसत असेल तर तो सांगा. पाण्यात पडलेली तार दिसत नाही, म्हणून साचलेल्या पाण्यातून चालणं पहिले दोन दिवस टाळाच.

याच जोडीला एक सूचना. वादळ संपल्यावर छपरावर चढून पडणारे लोक दरवेळी असतात. सिमेंटचा पत्रा भिजला की निसरडा होतो आणि पायाखाली फुटतो. त्यावर थेट पाय देऊ नका, आडवी फळी टाकून तिच्यावरून जा.

पंचनामा म्हणजे नक्की काय? तो करायला कोण येतं?

पंचांसमक्ष जागेवर पाहून लिहिलेली नुकसानीची नोंद. पुढची सगळी मदत त्या कागदावर उभी असते. घराचा, शेताचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. कागदोपत्री आता त्यांची नावं अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहाय्यक कृषी अधिकारी अशी झाली आहेत, पण गावात अजून जुन्याच नावांनी विचारा, लवकर भेटतील. त्यांच्यावर मंडळ अधिकारी, त्यांच्यावर तहसीलदार.

एका तलाठ्याकडे अनेक गावं असतात. वादळानंतर पहिल्या दोन दिवसांत तो तुमच्या दारात पोचेल ही अपेक्षा धरू नका. तो येईल तेव्हा मात्र तुम्ही किंवा तुमच्यातलं कुणीतरी जागेवर हजर हवं. सही करण्याआधी वाचून घ्या. पुढच्या तीन गोष्टी पाहाच: नाव सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीच्या उताऱ्यावर आहे तसंच लिहिलंय का, नुकसान ‘अंशतः’ लिहिलंय की ‘पूर्णतः’, आणि झाडांची संख्या. कोऱ्या कागदावर सही करू नका, मग समोर कितीही ओळखीचा माणूस असो. मान्य नसेल तर ‘नुकसानीचा तपशील मान्य नाही’ असं सहीशेजारी लिहून सही करा. तो तुमचा हक्क आहे.

पंचनामा व्हायच्या आधी छप्पर शाकारलं तर भरपाई बुडते का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. या भीतीपोटी माणसं भर पावसात उघड्या घरात बसून राहतात. निसर्ग जूनच्या सुरुवातीला आलं, पाठोपाठ पावसाळाच उभा होता. अशा वेळी पंचनाम्याची वाट बघत घर भिजू देण्यात काय अर्थ?

तात्पुरती ताडपत्री घातल्याने, पडलेलं झाड दारातून बाजूला केल्याने भरपाई बुडत नाही. पण पुरावा ठेवावा लागतो. हात लावण्याआधी फोटो, फुटलेली कौलं आणि मुडपलेले पत्रे एका बाजूला रचून ठेवा, भंगारवाल्याला लगेच देऊ नका. मोडलेले वासेही ठेवा. नवं सामान घेतलं तर पावती घ्या. शेजारच्या दोघांना दाखवून ठेवा, तेच पुढे पंच म्हणून उपयोगी पडतील. कायमची मोठी दुरुस्ती, म्हणजे भिंत पाडून नव्याने बांधणं वगैरे, मात्र पंचनामा झाल्यावरच.

फोटो कसे काढायचे?

भरमसाट नको, नेमके हवेत. पहिला फोटो लांबून, ज्यात अख्खं घर आणि ओळखू येईल अशी एखादी खूण दिसेल: शेजारचं देऊळ, विजेचा खांब, घराचा क्रमांक. मग चारही बाजू. मग आतून, छपराकडे बघून. मग मोडलेली प्रत्येक मोठी वस्तू जवळून. एका फोटोत घरातलं कुणीतरी उभं राहिलेलं असावं. मोबाईलमध्ये तारीख आणि ठिकाण नोंदवण्याची सोय चालू ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोतून हे तपशील निघून जातात, तेव्हा मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

मदत किती मिळते?

केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष ठरलेले असतात. २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये, पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये होते. अंशतः म्हणजे किमान १५ टक्के नुकसान हवं. चार कौलं फुटली तर त्यात बसत नाही. शेतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के लागतं. बहुवार्षिक फळपिकांना हेक्टरी २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत.

राज्य सरकार प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर वेगळा शासन निर्णय काढून हे दर वाढवू शकतं, म्हणून तुमच्या वादळासाठीचा निर्णय तहसील कार्यालयात विचारून घ्या. शेजारच्या गावातल्या कुणाला मागच्या वेळी किती मिळाले होते, यावरून यंदाचा हिशेब करू नका.

एक स्पष्ट सांगतो: ही ‘मदत’ असते, नुकसानभरपाई नव्हे. छप्पर पुन्हा घालायला येणारा खर्च आणि हातात येणारी रक्कम यांचा मेळ बसत नाही. ज्यांना तो बसवायचा आहे त्यांनी विम्याचा विचार करावा. त्याबद्दल खाली.

हेक्टरी हिशेबाने आमच्या वाडीला काय मिळणार? वाडी तर गुंठ्यांत आहे.

हे दुखणं कोकणाचं खास आहे. हेक्टरी २२,५०० म्हणजे एका गुंठ्याला सव्वादोनशेच्या आसपास. दहा गुंठ्यांच्या वाडीला हिशेबाने सव्वादोन हजार येतात. किमान अडीच हजारांची तरतूद आहे म्हणून तेवढे तरी मिळतात. आणि त्या दहा गुंठ्यांत नारळाच्या सावलीला पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, खाली जायफळ, असा तीन मजली संसार असतो. निसर्गनंतर राज्याने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजारांचा दर लावला, त्यानेही वाडीवाल्यांचं समाधान होईना, तेव्हा झाडांवर हिशेब आला: नारळाला झाडामागे २५० रुपये, पोफळीला ५०. शंभर पोफळी आणि दहा नारळ पडले तर साडेसात हजार. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं जातात हे लक्षात घेतलं तर रक्कम फार नाही. पण झाडं मोजली गेली हे महत्त्वाचं.

म्हणून झाडांची मोजणी आपणच आधी करून ठेवा. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत नारळ-सुपारीची नोंद आहे का ते बघा. नसेल तर ई-पीक पाहणीच्या मुदतीत स्वतः मोबाईलवरून करा. सातबाऱ्यावर वाडी ‘पड’ किंवा नुसतीच ‘गवत’ म्हणून लागलेली असेल तर पडलेल्या पोफळी दाखवूनही पुढे वाद होतो. पडलेल्या झाडांची खोडं तोडून हलवण्याआधी बुंध्यांचे फोटो काढा आणि बुंध्यांवर चुन्याने आकडे घाला. साग, खैर, फणस यांची लाकडं बाहेर न्यायची असतील तर आधी वनपालांना विचारा.

सातबाऱ्यावर अठरा नावं आहेत. निम्मे मुंबईत, दोघे वारलेले. मदत कुणाच्या नावावर येणार?

सामायिक खात्यात मदत एकाच्या बँक खात्यात जमा व्हायची तर बाकीच्यांची संमती लागते. संमतीपत्र मिळेपर्यंत पैसे अडकतात. निसर्गनंतर असे कितीतरी अडकले. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येकाच्या हिश्शाप्रमाणे वाटप, पण हिस्से नोंदलेलेच नसतात आणि अठरा जणांत विभागून आलेली रक्कम चहापाण्यालाही पुरत नाही.

यावर उपाय वादळाआधीच करायचा असतो. वारलेल्यांची वारसनोंद करून घ्या. अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर करता येतो. गणपतीला सगळे गावी जमतात, तेव्हा जो प्रत्यक्ष वाडी कसतो त्याच्या नावाने संमतीपत्र लिहून सगळ्यांच्या सह्या आणि आधारच्या प्रती घेऊन ठेवा. नेमकी कुठल्या नमुन्यातली संमती चालते, स्टॅम्प लागतो का, हे आपल्या तहसीलला विचारून घ्या, कारण कार्यालयागणिक मागणी बदलते. आरतीनंतर हा विषय काढला तर काहींची तोंडं वाकडी होतील. होऊ द्या. वाडीच्या नावाने भांडण असलेल्या घरातही ‘मदतीपुरती’ संमती मिळू शकते, मालकी हक्काला धक्का न लावता, असं त्यात स्वच्छ लिहावं.

घराचंही तसंच. घरपट्टीचा उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर ग्रामपंचायतीत फेर करून घ्या. ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदच नसलेल्या घराला मदत मिळवणं जवळजवळ अशक्य.

आम्ही मुंबईत राहतो, गावचं घर बंद असतं. आम्हाला कळणार कसं आणि मिळणार का?

राहत्या घराला प्राधान्य असतं, बंद घराबाबत प्रश्न विचारले जातात. तरी पंचनाम्यात नोंद व्हायलाच हवी. चावी ज्याच्याकडे आहे त्याला अधिकारपत्र देऊन ठेवा, म्हणजे तो पंचनाम्याला हजर राहू शकेल, सही करू शकेल. आणि चावी ज्याच्याकडे आहे तो स्वतःच्याच घराच्या पत्र्यांत गुंतलेला असेल, तेव्हा पहिल्याच दिवशी ‘आमच्या घराचे फोटो टाक’ म्हणून दहा फोन करू नका.

गाय मेली. पुरून टाकली तर चालेल?

आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. शवविच्छेदनाचा किंवा तपासणीचा दाखला आणि पंचनामा नसेल तर मदत मिळत नाही. कानातला बिल्ला दिसेल असा फोटो काढा, बारा आकडी क्रमांक लिहून ठेवा. दुभत्या जनावराला निकषांत ३७,५०० रुपये होते, शेळीला ४,०००. डॉक्टर यायला फारच उशीर होणार असेल तर पंचांसमक्ष, फोटो काढून, तलाठ्याला कळवून पुरा.

होडी फुटली, जाळी वाहून गेली.

पंचनामा मत्स्यव्यवसाय विभाग आणि महसूल विभाग मिळून करतात. परवाना अधिकाऱ्यांना लगेच कळवा. नोंदणी क्रमांक दिसेल असा होडीचा फोटो हवा, नोंदणी आणि परवाना चालू हवा. जाळ्यांची बिलं बहुतेकांकडे नसतात; सोसायटीकडून खरेदी असेल तर सोसायटीच्या वहीतली नोंद चालते का ते विचारा. इथे मदतीचे आकडे फारच तुटपुंजे आहेत, होडीचा विमा काढणं हाच खरा उपाय.

घराचा, गाडीचा, आंब्याचा विमा असेल तर?

सरकारी पंचनामा आणि विम्याचा दावा या दोन वेगळ्या वाटा. एक केली म्हणजे दुसरी झाली असं नाही. घराचा विमा असेल, उदाहरणार्थ ‘भारत गृह रक्षा’, तर वादळाचं नुकसान त्यात येतं. कंपनीला लगेच कळवा, दावा क्रमांक लिहून घ्या, सर्वेक्षक येईपर्यंत मोठी दुरुस्ती करू नका. गाडीवर झाड पडलं तर पूर्ण विमा लागतो. नुसत्या थर्ड पार्टीत काही मिळत नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघायचा मोह आवरा. इंजिन बिघडतं आणि कंपनी त्याचंच निमित्त करते.

आंबा-काजूचा फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. तिथे तुमच्या बागेत काय झालं हे कुणी बघत नाही, तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने काय नोंदलं ते बघतात. केंद्र बंद असेल किंवा तिथे वारा कमी नोंदला गेला तर बाग आडवी होऊनही हाती काही येत नाही. शिवाय आंब्याचा संरक्षणाचा काळ पावसाळ्यापूर्वी संपतो, म्हणजे जूनमधलं वादळ त्यात बसत नाही. भाताच्या विम्याचे नियम बदलत आले आहेत. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि भरपाईचा भर पीक कापणी प्रयोगांवर गेला. त्या त्या हंगामाची अधिसूचना वाचूनच हप्ता भरा.

तलाठी आलेच नाहीत. यादी लागली, त्यात नाव नाही.

यादी ग्रामपंचायतीत लागली की पहिल्याच दिवशी जाऊन बघा, हरकत लेखी द्या. तहसीलदारांच्या नावे अर्ज करा आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. दाद लागली नाही तर तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरही तक्रार करता येते. पंचनाम्याची प्रत देत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तलाठ्याशी भांडून काही होत नाही. तोही बहुधा त्याच वादळात सापडलेला असतो.

नाव यादीत आहे, पैसे मंजूर आहेत, खात्यात मात्र नाहीत.

यादीत तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात जा आणि आधारचा अंगठा लावून ई-केवायसी करा. ती झाल्याशिवाय रक्कम सुटत नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं तुम्ही विसरलेलंही असू शकतं, बँकेत विचारा. म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटत नाहीत, त्यांच्यासाठी काय सोय आहे ते तहसीलला विचारा. ई-केवायसीसाठी कुणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका.

अर्ज कसा लिहायचा? नमुना द्या.

साध्या कागदावर, हाताने लिहिलेला चालतो.

‘प्रति, मा. तहसीलदार, (तालुका). विषय : चक्रीवादळाने झालेल्या नुकसानीचा पंचनामा होणेबाबत. मी (पूर्ण नाव), राहणार मौजे (गाव, वाडी). दिनांक (…) रोजी झालेल्या चक्रीवादळात माझ्या घराचे (घर क्रमांक) छप्पर पूर्ण / अंशतः उडाले असून गट क्रमांक (…) मधील नारळाची (…) व सुपारीची (…) झाडे पडली आहेत. अद्याप पंचनामा झालेला नाही. तरी प्रत्यक्ष पाहणी करून पंचनामा व्हावा, ही विनंती. सोबत : सातबारा, घरपट्टीचा उतारा, आधार, पासबुकाची प्रत, फोटो. सही, मोबाईल क्रमांक, दिनांक.’

दोन प्रती न्या. एक देऊन दुसरीवर शिक्का घ्या. तहसीलला जाणं जमत नसेल तर ग्रामपंचायतीत आवक करून घ्या, आणि एक प्रत स्पीड पोस्टाने तहसीलदारांना पाठवा. वाडीतल्या सगळ्यांचे अर्ज एकानेच नेले तरी चालतं. मात्र प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र हवा, एका कागदावर चाळीस सह्या नकोत.